आप्पांचं ‘बघू’

मला आयुष्यात एकदाच थोबाडीत बसली आणि ती पिंपळगाव रेणुकाईच्या एका म्हातारीनं मारली. तिची माझी ओळखदेख नव्हती. मी तिच्या शेताचा बांध कोरला नव्हता, की तिच्या शेळीला दगड मारला नव्हता. मी फक्त देवळासमोरच्या पारावर धोतर नेसून, फेटा बांधून, बैलाच्या शेपटीच्या केसांची मिशी बाभळीच्या डिंकानं चिकटवून लाकडी खुर्चीवर बसले होते, आणि समोर माझी पोरगी हात जोडून रडत असताना ‘बघू’ म्हणाले होते. म्हातारी बायांच्या घोळक्यातून उठली. पदर खोचला. पारावर चढायला तिला दोघींनी हात दिला, पण चढल्यावर तिला कुणाच्या हाताची गरज उरली नाही. “बघू? काय बघतो रं मुडद्या? पोरगी मरून राह्यली आन् तू बघू म्हणतो?” आणि दिली ठेवून. मिशी उडाली ती ढोलकीवर जाऊन पडली. मागं चहाच्या टपरीपाशी उभे असलेले गडी पोट धरून हसत होते. नंतर त्याच म्हातारीनं मला घरी नेऊन येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली आणि माझ्या सुजलेल्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “तुला न्हाई मारलं माय. आमच्या सासऱ्याला मारलं. मेला तो कवाच, पन राह्यलं व्हतं.”

हे आमचं नाटक. नाव ‘आमचं आम्हाला विचारा’. जालन्यातल्या बायकांच्या एका मंडळानं ते बसवलं होतं, आणि मंडळ म्हणजे जवळजवळ एकट्या सुनंदाताई होत्या. लूनावर बसून त्या निघाल्या की लूना दिसायची नाही, नुसत्या सुनंदाताई रस्त्यानं तरंगत गेल्यासारख्या वाटायच्या. त्यांनी गावोगावच्या पोरीबाळींशी बसून, बोलून, गर्भपाताच्या त्यांच्या खऱ्या हकिगती ऐकल्या होत्या आणि नावं बदलून त्यातल्या तीन नाटकात घेतल्या होत्या. पहिली कॉलेजातली मुलगी, जिचा मित्र बातमी ऐकून जो औरंगाबादला नोकरी शोधायला गेला तो शोधतच राहिला. दुसरी ऊसतोडीला गेलेली कोवळी सून. तिसरी दोन लेकरांची आई, जिला तिसरं नको होतं. तिघी घाबरून, घरात कुणी ऐकत नाही म्हणून, कुठल्या तरी भोंदू डॉक्टरच्या मागच्या खोलीपर्यंत पोचायच्या. पहिली मरायची, दोघी कशाबशा वाचायच्या. शेवटी सुनंदाताई पुढं येऊन सांगायच्या, बायांनो, हे कायद्यानं होतं, सरकारी दवाखान्यात होतं, बाई सज्ञान असली तर तिची एकटीची सही पुरते. हे ऐकल्यावर प्रत्येक गावात एखादी तरी बाई शेजारणीला ‘काय म्हनल्या?’ म्हणून परत विचारायची.

विषय असा, आणि मी सांगते की त्या दौऱ्याइतकं मी आयुष्यात कधी हसले नाही. वाचणाऱ्याला हे अवघड वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय. पण आम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी होतो, जीपमध्ये ढोलकी, दोन खुर्च्या, सायकलच्या ट्यूबचा केलेला डॉक्टरचा स्टेथोस्कोप आणि प्रत्येकीच्या घरचे धपाटे. तिन्ही मुलींचं काम रेखा करायची. रेल्वेतल्या गँगमनची पोर, बदनापूरला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायची, आणि गळा असा की तिनं पहिलं गाणं उचललं की शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहायची. तिचे वडील म्हणाले होते, “शिक बी आन् बोल बी. एक केलं आन् एक सोडलं असं करू नको.” माझी निवड मात्र वेगळ्या कारणानं झाली. मी लांबट, सपाट आणि आवाजानं घोगरी. मला बघताच सुनंदाताई म्हणाल्या, “चला, पुरुषांचा प्रश्न सुटला.” मी बरेच दिवस ते कौतुक समजत होते. पळपुटा मित्र मी, ऊसतोडीचा मुकादम मी, भोंदू डॉक्टर मी, आणि तिसऱ्या गोष्टीतला बाप मी. मित्राला गॉगल, डॉक्टरला ट्यूब, बापाला मिशी. उन्हानं डिंक पातळ झाला की मिशी हळूहळू हनुवटीकडं निघायची आणि बापाचा बोकड व्हायचा.

सुनंदाताईंनी कुठूनशी एक रीत आणली होती. बापाचा प्रवेश रंगात आला की त्या हात वर करून नाटक थांबवायच्या आणि विचारायच्या, “आता इथून पुढं काय व्हावं? ज्याला वाटतं त्यानं वर यावं, कुणाच्याही जागी उभं राहावं.” त्यांना वाटलं होतं बाया येतील, पोरीच्या जागी उभ्या राहतील, आपलं म्हणणं मांडतील. पण ज्या गावात मागं सासरे, भासरे, चुलत सासरे चहा पीत उभे आहेत तिथं सून तोंड उघडत नाही. तिचा पदर नाकाच्या खाली येतो. ह्यातून बायांनी आपली वाट काढली. मागचे गडी खरे, त्यांच्यापुढं पदर. पण खुर्चीवरचा गडी म्हणजे एक पोरगी. तिच्यापुढं कसली लाज? मग पोरीच्या जागी कुणी येईना, सगळ्या यायच्या त्या मला झापायला. आमच्या जिल्ह्यातल्या तमाम बापा-सासऱ्यांना जे ऐकवायचं राहिलं होतं ते सगळं मी ऐकलं. वडीगोद्रीला एकीनं मला कांद्याच्या पातीच्या जुडीनं बडवलं, आणि मिशीच्या आडून मी पाहते तर काय, ती आमच्या आक्काची सख्खी सासू! तिनं मला ओळखलं नाही. मीही ओळख दाखवली नाही. मागचे गडी ओरडायचे, “हान, हान अजून!” त्यांना वाटायचं कुठल्या तरी दुसऱ्या गावचा सासरा मार खातोय. बापाच्या जागी उभं राहायला मात्र एकाही गावात एकही माणूस वर आला नाही.

आणि तो बाप मी उचलला होता आमच्या आप्पांकडून, जसाच्या तसा. आप्पा म्हणजे माझे वडील. शेतकी केंद्रावर मजुरांचे मुकादम होते, तुरीच्या वाणांत उभा जन्म काढलेला माणूस. संध्याकाळी घरी आले की आत पाऊल टाकण्याआधी दारात उभे राहून तीनदा खाकरायचे. ही घरातल्या बायकांना सूचना असायची, की जे काय चाललंय ते आवरा. मग चपला काढून एकीला एक चिकटवून ठेवायच्या, एकदा आभाळाकडं बघायचं, खुर्चीवर बसायचं आणि कुणाकडंही न पाहता म्हणायचं, “पानी.” पाणी पिऊन झालं की आई (आम्ही तिला बाई म्हणायचो) दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. कौलं फुटली, शिक्षणाचं काय, मावशीकडचं लग्न, म्हैस आटली. आप्पा सगळं ऐकायचे आणि शेवटी एकच शब्द बोलायचे, “बघू.” ह्या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा नव्हता, ‘हो’ असाही नव्हता. कौलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटलेली राहायची आणि म्हैस आटलेली. मी हे सगळं, खाकरण्यापासून चपलांपर्यंत, नाटकात घेतलं. पहिल्याच गावात लोक कोसळले. तेव्हा मला कळलं की आप्पा एकट्या आमच्याच घरात नाहीत.

आप्पांना अर्थातच ह्याचा पत्ता नव्हता. परवानगी मागताना मी ‘आरोग्यावरचं नाटक’ एवढंच म्हणाले होते. त्या साली गावात हिवतापाची फवारणी चालली होती, त्यामुळं त्यांनी ते डासांशी जोडलं. ‘बघू’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जीप दारात आली तेव्हा त्यांना बघायला सवड राहिली नाही. पुढं दोन-अडीच महिने आपली धाकटी लेक गावोगाव डास होऊन फिरते आहे अशी त्यांची समजूत होती. एकदा जेवताना त्यांनी विचारलंही, “चावून दाखवती का नुसतीच गुनगुन करती?” मी म्हणाले, “दोन्ही.” बाई परातीत तोंड घालून हसली.

अशात आक्का आली. थोरली बहीण, वडीगोद्रीला दिलेली. दाजींचं हायवेवर पंक्चरचं दुकान. दाजी गरीब माणूस; टायर सोडला तर दुसऱ्या कशावर त्यांनी कधी हवा भरली नाही. आक्काची थोरली मुलगी चालायला लागलेली, धाकटी अजून अंगावर पिणारी. मावशीकडच्या लग्नाचं निमित्त करून आली, लग्न झालं तरी परत जायचं नाव काढीना. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकदम आणखी तीन माणसांचा आवाज भरला. पहाटे धाकटीचं रडणं, मग बाईचं दळण पाखडणं, मग साडेसातची गाडी स्टेशनात शिरताना देते ती शिट्टी, तिच्याबरोबर थोरलीची शिट्टी. आक्का मात्र दोन्ही पोरी अंगाखांद्यावर घेऊन भिंतीला टेकून बसलेली. धपाट्याचा वास आला की तोंडावर पदर धरून मोरीकडं पळायची. बाईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तिसरं होतं. आक्काला नको होतं. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, “माझं काय न्हाई, आईला कळू देऊ नको, ती म्हनंल ह्या खेपंला पोरगाच हाय. तू आप्पांना इचार, ते म्हनतील ते बराबर.” आणि आप्पांना विचारणार कोण? शेवटी बाईनं भाकरी वाढता वाढता, चुलीकडं तोंड करून, जणू चुलीलाच सांगावं तसं सांगितलं. आक्काचं असं असं हाय, तिला झेपत न्हाई, जालन्याला न्यावं म्हनते. आप्पांचा घास हातात थांबला. माझाही थांबला. मग आप्पांनी तो घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बघू.”

आता त्यांच्या त्या वेळच्या वयाला मी पोचले आहे, तेव्हा मला त्या शब्दाचं थोडं कळतं. तुरीच्या धंद्यात बघू चालतं. फुलोरा आला, आभाळ आलं, अळी पडेल का, बघू. माणसाच्या हातात काही नसतं तिथं तो शब्द शहाणपणाचा असतो. पण त्या दिवसांत मला तेवढं शहाणपण नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आठवडा गेला, दुसरा गेला, आप्पा संध्याकाळी तीनदा खाकरून घरात येतात आणि आक्का रोज त्यांच्या हातात तांब्या देऊन क्षणभर उभी राहते, मग आत जाते. मी एकदा तिला मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “तुला कुणाची परवानगी लागतच नाही. तुझी सही पुरे.” आक्का धाकटीचं नाक पुसत म्हणाली, “कायद्याला लागत न्हाई गं. पन लेकरं कोन सांभाळीन? दवाखान्याच्या दारात माझ्यासंगं कोन उभं राहीन? मागून सासू इचारीन तवा तोंड कोन देईन? त्याला मानूस लागतो. तो कायदा देतो का?” थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “बेबे, तुमच्या नाटकात मरती कोनती?”

“पहिली.”

“मी तिसरी ना?”

“हो.”

“मंग बरंय,” आक्का म्हणाली आणि पोरीला पाजायला घेतलं.

मग सुनंदाताईंनी बदनापूरचा प्रयोग ठरवला. मी पोटात कळ, डोक्यात कळ, आजीचं श्राद्ध, सगळं सांगून पाहिलं. “पुरुष एकच आहेस तू आमच्यात,” त्या म्हणाल्या, “तू आजारी पडून चालायचं नाही.” प्रयोग शाळेच्या मैदानात, दुपार कलताना. आप्पा येणार नव्हते, त्यांना डासांत गोडी नव्हती. पण त्याच सकाळी केंद्रावरच्या नागोरावनं त्यांना गाठलं. “मुकादम, तुमच्या पोरीचं काम आमच्या साडूनं वडीगोद्रीला पाह्यलं म्हने. हुबेहूब तुम्ही!” आता डास आपल्यासारखा हुबेहूब कसा असेल, ह्या कोड्यात आप्पांनी अर्धा दिवस काढला आणि सुटी झाल्यावर घरी न येता सरळ मैदानात आले. मी त्यांना पाहिलं तेव्हा मित्राचा गॉगल डोळ्यांवर चढलेला होता. लिंबाखाली, गड्यांच्या मागं, हातात डब्याची पिशवी घेऊन ते उभे होते. पहिल्या गोष्टीला त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. दुसऱ्या गोष्टीला टोपी काढून परत घातली. डास आता येत नाही, हे त्यांना कळलं असावं.

बापाचा प्रवेश आला. खाकरू नको, मी मला बजावलं. पण घसा माझा ऐकेना. इतक्या गावांत त्याला सवय लागली होती. मी तीनदा खाकरले. मैदानात खसखस पिकली. आमच्या शेजारच्या धुरपताबाई मोठ्यानं म्हणाल्या, “आगं बया, हे तर मुकादम!” चपला काढल्या, आभाळ पाहिलं, पाणी मागितलं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. रेखा हात जोडून रडली, मी ‘बघू’ म्हणाले, आणि सुनंदाताईंनी हात वर करून नाटक थांबवलं. “आता इथून पुढं काय व्हावं? कुणाला वाटतं?”

बायांतून आक्का उठली. धाकटी कडेवर होती. तिनं थोरलीला बाईच्या मांडीत ढकललं आणि वर आली. रेखाला हातानं बाजूला केलं. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार आणि खरं सांगायचं तर मी गाल थोडा पुढंही केला. पण तिनं हात उचलला नाही.

“आप्पा,” ती म्हणाली. नाटकात पोरगी बापाला ‘बाबा’ म्हणायची. “आप्पा, दोन हायेत. दोन्ही गोड हायेत. एक उचलते तं दुसरी रडती, दुसरी उचलते तं पहिली. मला हात दोनच दिलेत देवानं. रात्री उठले तं डोळ्यापुढं अंधारी येती. तुम्हीच म्हनला व्हता, मास्तरीन व्हशील. मी अजून व्हनार हाय. तिसरं न्हाई झेपत मला. ह्यांना इचारलं तं हे म्हनतेत आप्पांना इचार. तुम्हाला इचारलं तं तुम्ही म्हनता बघू. तुम्ही बघून राह्यले, आन् ते वाढून राह्यलंय आप्पा. त्याला बघू कळत न्हाई.”

धुरपताबाईंनी टाळी वाजवली. “आक्के, काय भारी करून राह्यली गं! बहिनीपरीस सरस!” बायांनी टाळ्या उचलल्या. सगळ्या मैदानाला वाटलं, मुकादमाच्या घरात दोन्ही पोरी नटव्या निघाल्या. सुनंदाताई तर हरखून गेल्या होत्या. कुणी पोरीच्या जागी उभं राहायची ही पहिलीच वेळ. आता माझं वाक्य होतं. एकच शब्द. सगळ्या गावांत मी तो फेकून लोकांना हसवलं होतं आणि आज तो माझ्या दातांमागं अडकला. मिशी एका बाजूनं सुटून ओठावर आली. मी ती फुंकरीनं वर उडवत बसले. लोक त्यालाही हसले.

तेवढ्यात लिंबाखालून कुणीतरी खाकरलं. एकदा. दोनदा. तीनदा. लोकांना वाटलं मीच. मग माना वळल्या आणि मैदान असं हसलं की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आप्पा वाट काढत पुढं येत होते. पिशवी नागोरावच्या हातात दिली. मंचाच्या कडेला चपला काढून एकीला एक चिकटवून ठेवल्या. आभाळाकडं पाहिलं. त्यांना ते टाळता आलंच नसतं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, “सरक.”

मी सरकले. आप्पा खुर्चीवर बसले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, “पानी.” रेखानं गोंधळून आमचा नाटकातला तांब्या दिला. तो रिकामा होता. आप्पांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा तांब्या शेवटपर्यंत प्यायले. मग खाली ठेवला. आक्का समोर उभी. धाकटी आजोबांकडं झेपावत होती. आप्पा गप्प. इतका वेळ गप्प की गड्यांना वाटलं ते बोलायचं विसरले. “बघू म्हना मुकादम, बघू!” मागून नागोराव ओरडला. “बघू! बघू!” पोरांनी ताल धरला.

आप्पांनी धाकटीला आक्काच्या कडेवरून घेतलं. “सकाळच्या गाडीनं जालन्याला जाऊ,” ते म्हणाले. “लेकरं तुझी माय सांभाळीन. वडीगोद्रीला मी सांगतो काय सांगायचं ते.”

टाळ्यांनी मैदान दणाणलं. “नाटकात कसे बोलले बघा,” धुरपताबाई शेजारणीला म्हणत होत्या, “घरी बोलतेत का असं एकजन तरी!” सुनंदाताईंना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्या धावत आल्या, आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. “काका, किती नैसर्गिक करता हो तुम्ही! पुढच्या प्रयोगाला याल का?”

“बघू,” आप्पा म्हणाले.

घरी परतताना ते पुढं आणि मी मागं. गल्लीच्या तोंडाशी थांबले. “मी पानी असं मागतो?” मी मान हलवली. “आन् खाकरतो असं?” मी परत हलवली. “हूं,” म्हणाले. दहा पावलं गेल्यावर परत म्हणाले, “डास बरा व्हता.”

दुसऱ्या दिवशी साडेसातच्या गाडीला आम्ही तिघं होतो. आप्पांनी लग्नाला घालायचा सदरा घातला होता, का ते त्यांनाच ठाऊक. सुनंदाताईंना मी आदल्या संध्याकाळीच, जीप निघायच्या आत, रेखाच्या हातून निरोप धाडला होता. त्या जालन्याच्या स्टेशनावर लूनासकट हजर. तिथं त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आक्काला विचारलं, “नवरा नाही आला?” मी लगेच छाती पुढं काढून नाटकातलं वाक्य सुरू केलं, बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची... “ठाऊक आहे मला,” डॉक्टरीणबाई चष्म्यावरून म्हणाल्या, “संध्याकाळी घरी न्यायला कोण आहे, एवढंच विचारतेय.” आप्पा उभे राहिले. “मी हाये,” म्हणाले. मग दिवसभर ते बाहेरच्या बाकावर, वीसेक बायकांत एकटे पुरुष, आक्काच्या बांगड्या रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, “लेकीचं काय?” तर म्हणाले, “तिला बरं वाटंना झालंय, आता वाटंन.” संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. आक्का खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती, आणि बदनापूर येईपर्यंत आप्पा खिडकीच्या फटीवर टोपी धरून उभे होते, वारं लागू नये म्हणून.

आता प्रश्न उरला गल्लीचा. आक्काला आठ-दहा दिवस निजवून ठेवायचं, ऊन ऊन खायला घालायचं, आणि हे धुरपताबाईंच्या नाकासमोर. बाईनं पहिल्याच दिवशी मेथीचे लाडू करायला घेतले आणि तूप कढतंय तोच धुरपताबाई दारात. “मेथीचा वास सुटलाय. घरात बाळंतीन न्हाई, मंग लाडू कुनाला?” बाईच्या तोंडून एकदम निघून गेलं, “ह्यांची कंबर धरलीय.” आप्पा त्या वेळी अंगणात चांगले ताठ उभे राहून म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी ऐकलं. पेंढी हातातून सोडली, एक हात कमरेवर ठेवला आणि जागच्या जागी वाकले. पुढं आठ दिवस ते सरळ झाले नाहीत. दाजी आले, त्यांना बाईनं आत नेऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, “आप्पा म्हनले म्हंजी बराबर,” आणि वडीगोद्रीला जाऊन आईला सांगितलं, आप्पांची कंबर धरली, आक्का सेवेला राहिली. सासूनं उलट कुरड्या पाठवल्या. केंद्रावरून माणसं बघायला आली. कुणी सांगितलं वाळूचा शेक, कुणी सांगितलं रुईची पानं. आप्पा ओसरीवरच्या बाजेवर पालथे पडून सगळ्यांना ‘आई गं’ म्हणायचे. सुरुवातीला ते फारच कमी म्हणायचे, मग मी शिकवलं. इतक्या गावांत काम केलेली मी, तेवढा अधिकार मला होता.

आक्का आतल्या खोलीत पडद्यामागं निजलेली. दुखत नाही म्हणायची, वाईटही वाटत नाही म्हणायची. लाडू खायची, पोरींना जवळ घ्यायची. पण बोलायची नाही. भिंतीकडं तोंड करून दिवसदिवस पडून राहायची, जणू किती वर्षांची झोप एकदम घेणेकऱ्यासारखी दारात आली होती. बाई तिच्या केसांना तेल लावताना पडद्याबाहेर माझ्याकडं बघायची. आप्पाही बाजेवरून दर घटकेला मान उचलून पडद्याकडं बघायचे आणि परत पालथे व्हायचे.

सहाव्या का सातव्या दिवशी धुरपताबाई रहीमचाचांना घेऊन आल्या. रहीमचाचा एकेकाळचे पहिलवान, उतारवयात हाडं बसवायचे. त्यांचा हात लागलेला माणूस दुसऱ्यांदा दुखतंय म्हणत नाही अशी त्यांची ख्याती होती. “मुकादमसाब, बिलकुल हिलू नका,” त्यांनी अस्तन्या सारल्या. आप्पा म्हणाले, “बरं वाटून राह्यलंय चाचा, राहू द्या.” “सगळे असंच म्हणतात,” चाचा म्हणाले आणि आप्पांच्या कमरेवर गुडघा ठेवून दोन्ही खांदे मागं ओढले.

“मेलोऽऽ गं मायऽऽ!” ही किंकाळी मी शिकवलेली नव्हती. म्हैस दावं तोडायला निघाली. समोरच्या घराची दारं उघडली. आणि त्या किंकाळीच्या मागोमाग पडद्याआडून एक आवाज आला. आधी मला वाटलं धाकटी रडतेय. पण आक्का हसत होती. बाईनं तिच्या तोंडात गोधडीचं टोक कोंबलं तरी ते हसू गोधडीतून, पडद्यातून, दाराच्या फटीतून बाहेर सांडत होतं. थोरलीही काही न कळता हसायला लागली, मग धाकटी.

आप्पा बाजेवर पालथे, कपाळाला घाम. मान वळवून त्यांनी पडद्याकडं कान दिला. हसणं जरा ओसरत आलं होतं. चाचांनी हात झटकले. “झालं मुकादमसाब. सुटली ना कंबर?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “अजून एकदा वढा.”